तुम्ही बंद केलेलं जंगल

बाबा,

मी सोमवारी तुमच्या गावाकडे निघते आहे. परवानगी मागण्यासाठी हे लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे चष्मा काढायचा, तो रुमालाने सावकाश पुसायचा आणि नकार देण्याआधी घरभर शांतता पसरू द्यायची, ही तुमची नेहमीची तयारी तुम्हाला करायला नको. तिकीट काढून झालं आहे. धायरीच्या या फ्लॅटची किल्ली शेजारच्या वहिनींकडे देते आहे, कुंड्यांना पाणी घालायचं त्यांनी कबूल केलं आहे. चंद्रपूरच्या पुढे, तुमच्या गावाच्या आसपासच्या जंगलात, झाडांचं वर्ष बघायचं काम आहे. मोह कधी फुलतो, तेंदूला पालवी कधी फुटते, चारोळीचं फळ कधी पिकतं, कुठलं पाखरू कधी येतं आणि कधी निघून जातं. हे काम हाती घेतलेली काही तरुण मंडळी आहेत. त्यांना असंच काम उत्तरेच्या जंगलात बरीच वर्षं केलेलं कुणीतरी हवं होतं. फोनवर त्यांनी गावांची नावं सांगितली, त्यात तुमच्या गावाचं नाव आलं आणि त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी मी हो म्हटलं. बँकेची नोकरी गेल्याच वर्षी मुदतीआधी सोडली, त्यामुळे रजा मागायलाही आता कुणी उरलेलं नाही.

धाकट्याला कळवलं, तर त्याने ऑफिसातूनच फोन केला. "ताई, आर यू सीरियस? लोक रिटायर होऊन युरोप टूर करतात, तू मोहफुलं बघायला चाललीस." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि बाबांना दिलेल्या शब्दाचं काय?" त्याचं म्हणणं मला ठाऊक होतं. हॉस्पिटलातल्या त्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही आम्हा दोघांना कॉटजवळ बोलावलं होतं. "त्या वाटेला जायचं नाही. दोघांनीही. तिथलं काही आणायचं नाही, तिथे काही मागायचं नाही." धाकट्याने तुमचा हात धरला आणि म्हणाला, नाही जाणार बाबा. मी थर्मासमधून कपात पाणी ओतत होते आणि ओततच राहिले. शब्द त्याने दिला. मी गप्प बसले होते, आणि माझं गप्प बसणं म्हणजे होकार हे तुम्ही जन्मभर धरून चाललात, त्यात माझा दोष नाही. फोनवर मी त्याला एवढंच म्हटलं की तुझा शब्द तू पाळ, तुला कुणी बोलावलेलं नाही. तो वैतागला. त्याचं वैतागणंही थेट तुमच्यावर गेलं आहे, आधी खाकरतो आणि मग इंग्रजीत बोलतो.

तुम्ही त्या वाटेला का जाऊ देत नव्हता, हे मला ठाऊक नाही असं समजू नका. मला ते सरकारी क्वार्टरचं स्वयंपाकघर अजून लख्ख दिसतं. मी आठ-नऊ वर्षांची आहे. शाळेची सहल सिंहगडाच्या पायथ्याला गेली होती आणि येताना मी दप्तरात पळसाची पानं भरून आणली आहेत, मोठी, जाड, तीन-तीनच्या जुडीची. आई ती पानं बघते आणि तिचा चेहराच बदलतो. पोळ्यांची परात बाजूला सारून ती खाली बसते, खराट्याची काडी मोडून घेते, आणि तिचे हात असे चालू लागतात की मला वाटतं ही कुणी दुसरीच बाई आहे. "हे पाह्य, पत्रावळ अशी टाचाची," ती म्हणते. "काडी लय आत नाही जाऊ द्याची, नाहीतं वरण गळते." पुण्यात आल्यापासून ती असं बोलायची नाही, तुम्ही बोलू द्यायचा नाहीत. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी पत्रावळीवर भात वाढून घेतला आणि मी पहिला घास घेणार एवढ्यात तुम्ही दारात उभे.

"हे काय आहे?" तुम्ही शुद्ध मराठीत विचारलंत. आई उठून उभी राहिली. मग तुमचा आवाज घसरला आणि गावाकडचा झाला, "काहून केलं हे?" तुम्ही फडताळातलं स्टीलचं ताट काढलंत, माझा भात त्यात उलटा केलात आणि दोन्ही पत्रावळी चुरगाळून कचऱ्याच्या बादलीत टाकल्यात. या घरात पानावर कुणी जेवणार नाही, एवढं म्हणून तुम्ही हात धुऊन माझ्याशेजारी बसलात, आणि मी जेवत असताना सांगितलंत. मालगुजाराकडे, गावच्या त्या जमीनदाराकडे, लग्न असलं की तुमची आई जंगलातून पानं तोडून आणायची. पत्रावळी टाचायची ती. पंगत उठल्यावर तुम्हाला शेजारी घेऊन कुंपणाबाहेर बसून त्याच पत्रावळींवर वरून वाढलेलं जेवायची तीच, आणि जेवण झाल्यावर आपली उष्टी पानं उचलायची, त्यांचीही उचलायची, तीही तीच. तुम्ही हे सांगताना आवाज चढवला नाहीत. ऑफिसात एखादी फाइल वाचून दाखवावी तसं सांगितलंत आणि वर म्हणालात, "आपण दीक्षा घेतली, शिकलो आणि तिथून बाहेर पडलो. बाहेर पडलेल्या माणसाने मागे बघायचं नसतं."

मला ते त्या दिवशीही पटलं होतं. आजही पटतं. तुम्ही पानं टाकलीत ते बरोबर केलंत. पण पानांबरोबर तुम्ही झाडही टाकलंत, सगळी झाडं टाकलीत, आणि त्याबद्दल आम्हाला विचारलंतसुद्धा नाही. त्यानंतर आपल्या घरात कुंडी आली नाही. रविवारी सकाळी कॅनव्हासचे पांढरे बूट घालून तुम्ही आम्हाला टेकडीवर न्यायचात, कारण पुण्यातली शिकलेली माणसं टेकडीवर जातात. मी विचारायची, बाबा, हे कुठलं झाड? तुम्ही म्हणायचात, "झाड आहे. पुढे चल." पुण्यात येऊन तुम्ही इथला तुसडेपणा फार लवकर उचललात, हे आईचं मत होतं, आणि ती ते कसबा पेठेतल्या मावशीकडे गेली की मोकळेपणाने सांगायची.

तुम्हाला नावं ठाऊक नव्हती असं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. माझं म्हणणं मंडईपासून सुरू होतं. बुद्धपौर्णिमेच्या खिरीसाठी चारोळी घ्यायला आपण मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात गेलो होतो. मी कॉलेजात होते. दुकानदार त्या भागातल्या रिवाजाप्रमाणे आपल्याकडे न बघताच म्हणाला, "घ्यायची असेल तर घ्या, चिवडू नका." तुम्ही तोवर चार दाणे तळहातावर घेतले होते. तुम्ही त्यातला एक नखाने दाबलात, दुसरा दाताखाली धरलात, आणि अगदी सहज, कुणाशीच न बोलल्यासारखे म्हणालात, "कच्चं फळ आहे. फांदी तोडून काढलंय. पंधरा दिवस थांबले असते तर दाणा भरला असता, आणि झाडही राहिलं असतं." दुकानदाराने पहिल्यांदा वर बघितलं. "आपण या धंद्यातले का?" तो विचारतो आहे. त्याने तुम्हाला आपण म्हटलं आहे. तुमचा हात चटकन मिटतो. "नाही," तुम्ही म्हणता, "सरकारी नोकरीत आहे," आणि दाणे गोणीत परत टाकून आपण चारोळी न घेताच बाहेर पडतो. त्या वर्षी खीर बदाम घालून झाली.

मी रस्ताभर तुमच्या मागून चालत होते आणि माझा संताप होत होता. म्हणजे तुम्हाला सगळं येत होतं. फळ कधी भरतं, कुठली फांदी तोडल्यावर झाड टिकतं, दाणा दाताला कसा लागला पाहिजे. हे सगळं तुमच्यापाशी होतं आणि तुम्ही त्याला कुलूप घातलं होतं. वडिलांनी मुलीला जमीन दिली नाही तर ती कोर्टात जाऊ शकते. हे दिलं नाही तर कुठे जायचं? तुम्ही गेलात आणि तुमच्याबरोबर तुमच्या भागातली किती झाडांची नावं गेली, याचा मला अंदाजही करता येत नाही. त्याचा राग मी अजून धरून आहे, आणि मेलेल्या माणसावर रागावू नये वगैरे मला कुणी शिकवायला येऊ नये.

मग मी उत्तरेत का गेले, याचं उत्तर तुम्हाला आता तरी कळावं. तुम्ही आपलं जंगल बंद केलंत म्हणून मी दुसऱ्यांचं गाठलं. बँकेत लागले, तुमच्या मनासारखी अधिकारी झाले, आणि पहिल्याच मोठ्या रजेत सहकाऱ्यांबरोबर नैनितालला गेले. बाकीच्या सगळ्याजणी तळ्याकाठी स्वेटर बघत होत्या आणि मी गेस्टहाऊसच्या मागची चढण धरली. वर बांजचं जंगल होतं. बांज म्हणजे तिकडचा ओक, काटेरी कडांच्या छोट्या पानांचा, अंगावर शेवाळ वागवणारा. त्यात मधूनमधून बुरांशची झाडं, आणि ती सगळी लाल फुलांनी भरलेली. खाली वाटेवर पाकळ्यांचा सडा पडला होता आणि मी वाकून एक फूल उचललं. कुणी ओरडलं नाही. त्या जंगलात आपल्या घरातल्या कुणाची पाठ वाकलेली नव्हती. तिथे मला झाडाचं नाव विचारता येत होतं, आणि विचारलं की लोक सांगत होते. मी परत आले त्या आठवड्यात तुमच्या ऑफिसातले साहेब आणि त्यांच्या मिसेस चहाला आले होते. त्यांनी विचारलं, काय मग, कुठे फिरून आलीस? मी म्हटलं, जंगलात. तुम्ही बशीत चहा ओतता ओतता म्हणालात, "लाकडं वेचायला गेली होती." सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं, आणि पुढच्या वर्षी पावसाळ्यात परत गेले.

तिथपासून ते माझं वर्षाचं काम झालं. बँकेत एका वेळी फार रजा मिळायची नाही, त्यामुळे एका खेपेला एकच ऋतू बघून व्हायचा. एका वर्षी वसंत, दुसऱ्या वर्षी पाऊस, मार्च महिना तर बँकवाल्यांना कधीच मोकळा नसतो, त्यामुळे बुरांशचा पूर्ण बहर परत बघायला मला कितीतरी वर्षं थांबावं लागलं. जंगलाचं एक अख्खं वर्ष मी असं तुकड्यातुकड्यांनी जोडलं आहे, आईने उरलेल्या कापडांची गोधडी जोडावी तसं. कुमाऊंच्या एका खेड्यात एक दीदी आहेत, माझ्याहून थोड्या मोठ्या, त्यांच्याकडे मी उतरते. त्यांच्या घरामागून एक पायवाट झऱ्यापर्यंत जाते आणि तिथून वर देवदारांत शिरते. तीच वाट, तीच झाडं, दर खेपेला. नवीन जागा बघायचा मला मोह झाला नाही. एकच जागा नीट बघून होत नाही तर दुसरी कशाला बघायची, असा माझा हट्ट आहे, आणि हट्ट कुणाकडून आला ते विचारू नका.

तुम्ही कधी विचारलं नाहीत म्हणून आता ऐकून घ्या. बांज पानगळीत उघडा पडत नाही. वसंतात जुनी पानं टाकतो आणि त्याच दिवसांत नवी घालतो, कोवळी असताना ती पांढुरकी, लवदार असतात, आणि डोंगर दोन आठवडे पीठ भुरभुरल्यासारखा दिसतो. उन्हाळा चढला की काफळ पिकतं. करवंदाएवढंही नसतं ते, आंबटगोड, आणि आत नुसती बी. पण त्या दिवसांत एक कोकीळ जातीचा पक्षी दिवसभर चार सुरांत ओरडतो आणि तिकडचे लोक म्हणतात, तो काफळ पिकल्याची वर्दी देतो आहे. खालच्या अंगाला चीडचं, म्हणजे तिकडच्या पाइनचं जंगल असतं, त्याची सुईसारखी पानं वाळून वाटेवर इतकी साचतात की पाय घसरतो, आणि एखादी विडी पडली तरी डोंगर पेटतो. एका जूनमध्ये तो धूर मी चार दिवस नाकात वागवला आहे. मग पाऊस येतो. उन्हाळ्यात बांजच्या खोडावर जी नेची वाळून, मुडपून, मेल्यासारखी दिसतात ती पहिल्या झडीनंतर उलगडून हिरवी होतात. जळवा लागतात, मी मीठ बांधलेली पुरचुंडी खिशात ठेवते. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, तेव्हा पक्षी ऐकून ओळखायला शिकले. शरदात देवदार पिवळी भुकटी सोडतो, दीदींच्या वाळत घातलेल्या चादरींवर तिचा थर बसतो आणि त्या देवदाराला शिव्या घालतात. थंडीत वरच्या रानातले पक्षी खाली उतरतात, बर्फ पडलं की सकाळी झऱ्यापाशी चितराळ्याच्या, मुंगसासारख्या एका रानप्राण्याच्या, पावलांची रांग दिसते, आणि मी अंगात तीन स्वेटर घालून ती बघत बसते.

आणि पद्म. याचं नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं. पद्म म्हणजे तिकडची रानटी चेरी. नोव्हेंबरात, सगळं रान आवरतं घेत असताना, थंडीचे दात लागायला सुरुवात झालेली असताना, हे झाड फुलतं. गुलाबी, अंगभर, पानांची वाटही न बघता. बाकी कशालाच फूल नसतं, त्यामुळे डोंगरातल्या सगळ्या मधमाश्या त्याच्यावर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं झाडाची काहीतरी चूक होते आहे. दीदी म्हणाल्या, चूक कसली, त्याची वेळच ही आहे. मी तिथे उभी होते, चाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली, घरच्यांच्या लेखी वेळ टळून गेलेली, आणि मला ते ऐकून फार बरं वाटलं. हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही, कारण पुण्यात असं काही सांगितलं की लोक नुसतं "हं का" म्हणतात.

उत्तरेच्या जंगलातही पाठी वाकलेल्या आहेत. ते मला दिसलं नाही असं नाही. एकदा मी वाटेकडेला गुडघे टेकून खोडावरचं शेवाळ भिंगातून बघत होते, आणि वरून एक बाई चाऱ्याचा भारा घेऊन आली. पाठीवर बांजच्या फांद्या, इतक्या की चेहराच दिसत नव्हता. भारा कठड्याला टेकवून तिने दम खाल्ला आणि मला विचारलं, "घास नहीं काटनी, लकड़ी नहीं लेनी, तो देखती क्या हो?" विचारण्यात कुचकेपणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. मला ताबडतोब तुम्ही आठवलात. मी तिच्या भाऱ्याची दोरी वर चढवून दिली आणि ती गेली. रात्रभर मला वाटत राहिलं की तुमचं म्हणणं खरं आहे, जंगल बघायची गोष्ट नाही, ज्यांना तिथून पोट भरावं लागत नाही त्यांचा तो चोचला आहे.

पण सकाळी मी परत गेले. आणि त्या वाटेवर मला जे सुचलं ते तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं, तुम्ही तेव्हा नव्हता. आजीला त्या बाईसारखाच झाडाखाली उभं राहायला वेळ नव्हता. तुम्हालाही नव्हता. मला आहे. तो वेळ तुम्ही मिळवलात, कंदिलाखाली अभ्यास करून, परीक्षा देऊन, साहेबांचे टोमणे गिळून. तुम्ही तो मिळवून माझ्या हातात ठेवलात आणि मग म्हणालात, हा वापरू नकोस. असं कसं चालेल? बापाने कमावलेलं मुलीने वापरलं नाही तर कुणी वापरायचं? इतके दिवस त्या जंगलात फक्त राबायला जायचं असं आपल्या वाट्याला होतं, आता आपल्यातलं कुणीतरी नुसतं बघायला जाणार आहे, हात मागे बांधून, कुणाच्या हुकमाशिवाय. यात तुमचा अपमान कुठे होतो ते मला समजावून सांगा. माझ्या मते मालगुजाराचा होतो.

आणि मी तुमच्या सगळ्याच विरोधात आहे असंही समजू नका. गेल्या हिवाळ्यात धाकट्याच्या मुलीचा साखरपुडा झाला, कोथरूडच्या एका हॉलवर. जेवणाला पत्रावळी होत्या. यंत्रावर दाबलेल्या, गोल, गुळगुळीत, शेजारी पाटी की या पर्यावरणपूरक आहेत. व्याही कौतुक करत होते, धाकटाही सगळ्यांना सांगत होता की आयडिया त्याची. मी केटररला बोलावलं आणि म्हटलं, मला स्टीलचं ताट आण. तो म्हणाला, मॅडम, आज सगळ्यांना हेच आहे. मी म्हटलं, मग ताट येईपर्यंत थांबते. धाकटा दुरून बघत होता. त्याला काय ते कळलं, कारण त्याने मान फिरवली. ताट आलं, मी जेवले, आणि मी त्या हॉलमध्ये एकटीच होते जिने तुमचा नियम पाळला. तेव्हा शब्द कुणी मोडला आणि कुणी पाळला, याचा हिशेब त्याने मला शिकवू नये.

तिथे गेल्यावर काय होईल ते मला माहीत नाही. गावात आपलं घर उरलेलं नाही. मालगुजाराचे नातू नागपूरला असतात म्हणे. बरोबरची तरुण पोरं त्या भागातलीच आहेत, त्यातली एक मुलगी आपल्याच वस्तीतली निघाली, तिने फोनवर विचारलं, "ताई, तुमाले मोह येचता येते का?" मी म्हटलं नाही. ती म्हणाली, "मंग शिकवतो ना मी." बाई असून शिकवतो म्हणाली, आई म्हणायची तसंच, आणि मला फोन कानापासून जरा दूर धरावा लागला. मी शिकणार आहे. टोपली घेऊन पहाटे झाडाखाली बसणार आहे, वेचलेलं घरी आणणार आहे, आणि या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात वाळत घालणार आहे. तुमच्या नियमात पत्रावळ होती, फूल नव्हतं. असेल तर तेही मी मोडते आहे.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं, तुम्ही त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाला लाल शाईने गोल केले असते आणि मजकुराबद्दल अवाक्षर काढलं नसतं. टेबलावर राहील, वहिनी कुंड्यांना पाणी घालायला येतील तेव्हा त्यावर काहीतरी ठेवतील. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती लिहायला मला या सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला. तिकडे उत्तरेत लोक मला नेहमी विचारतात, बसमध्ये, चहाच्या टपरीवर, दीदींच्या चुलीपाशी, की शहरातली बाई तुम्ही, हे असं बघायला कुणी शिकवलं? पहिल्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही हयात होता. मी म्हटलं, वडिलांनी. तोंडून निघून गेलं. त्यानंतर दर वेळी तेच सांगत आले आहे. दीदींना तर वाटतं तुम्ही मोठे रानातले जाणकार होता, एकदा त्यांना घेऊन या म्हणून त्या मागे लागल्या होत्या आणि मी सांगितलं की त्यांना थंडी सोसत नाही. आता तुमच्या गावातही विचारतील. तिथे तुमच्या बरोबरीचं कुणी म्हातारं माणूस उरलं असेल, त्याला तुम्ही आठवत असाल, आणि गाव सोडताना मागे न बघण्याबद्दल तुम्ही काय बोलला होतात तेही आठवत असेल. त्याच्यासमोरही मी तेच सांगणार आहे. पटत नसेल तर येऊन खोडून काढा.